मांडी घालून बसता येत नाही? गुडघा दाबण्याआधी हे तपासा

श्रावण लागला की माझ्या सकाळच्या वर्गाला नवी गर्दी होते. योगाची आवड वगैरे काही नसते. घरात सत्यनारायण असतो, मुलाच्या फ्लॅटची वास्तुशांत असते, पुढे गणपती असतात आणि यजमानांना दोन तास पाटावर बसायचं असतं. "शिरा आखडल्यात, जरा मोकळ्या करून द्या," एवढंच मागणं. चौदा वर्षं मी ही एकच तक्रार ऐकते आहे. त्यातले बहुतेक जण माझ्याकडे येण्याआधी घरी एकच उपाय करून आलेले असतात: कशीबशी मांडी घालायची आणि दोन्ही हातांनी गुडघे खाली दाबायचे. नेमकं तेच करायचं नाही. का, ते पुढे येईलच.

लक्षणं

तुमचं दुखणं यातल्या कशात बसतं ते आधी बघा. एकापेक्षा जास्त ठिकाणी बसलं तरी चालेल.

- मांडी घातली की गुडघे जमिनीपासून वीतभर वर राहतात.
- पाठ ताठ राहत नाही, मागे कलंडल्यासारखं होतं, हात मागे टेकावे लागतात.
- घोट्याचं हाड फरशीला टोचतं, त्यामुळे पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते.
- पायाला मुंग्या येतात, उठताना पाऊल आपलं वाटत नाही.
- वाकून पायाची बोटं धरता येतात, तरी मांडी जमत नाही.
- महिनाभर ताणलं, सैल झालं, चार दिवस सोडलं की पुन्हा तेच.
- गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कळ येते.
- एकच बाजू अडते आणि जांघेत चिमटा बसतो.

शेवटची दोन असतील तर तपासणी ४ आणि "कुठे थांबायचं" हा भाग आधी वाचा, मग वर या.

तपासणी १: बैठकीची उंची (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

कुल्ल्याखाली तळहात सरकवून बसा. दोन टोकदार हाडं हाताला लागतील. बसल्यावर भार त्या हाडांवर यायला हवा. ज्यांचे गुडघे वर राहतात त्यांचा भार मागे, माकडहाडाकडे गेलेला असतो. तिथे गेला की कंबर गोल होते, कंबर गोल झाली की पाठीला सतत धरून राहावं लागतं आणि माणूस म्हणतो, माझी पाठ दुखते. पाठीचा यात काही दोष नसतो.

सतरंजीची घडी घाला. जाड चादर चौपदरी करा. एक पाट ठेवा, त्यावर उशी. गुडघे खुब्यांच्या पातळीला किंवा जरा खाली येईपर्यंत उंची वाढवत जा. घडीच्या मधोमध न बसता पुढच्या कडेवर बसा, म्हणजे कंबर आपोआप पुढे कलते. बरेच जण इथेच सुटतात. काहींना ते पटत नाही, ही तर फसवणूक झाली असं वाटतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टा, विटा, लोड, घोंगडी अशी साधनं घेऊन शिकवण्याची पद्धत उभी केली आणि ती जगभर गेली. तुमच्या चौपदरी चादरीला लाजायचं काही कारण नाही.

आठवडाभराने घडीचा एक पदर कमी करून बघा. जमलं तर तेवढाच ठेवा, नाही जमलं तर परत घाला.

तपासणी २: कपडे, फरशी, पायांची घडी

जीन्स काढा. खरंच. घट्ट जीन्स जांघेत आणि गुडघ्यामागे अडते आणि माणूस समजतो खुबा अडला. मागच्या खिशातलं पाकीटही काढा. घोटा टोचत असेल तर त्याखाली रुमालाची घडी ठेवा. हाडावर मांस नाही, खाली ग्रॅनाइट, टोचणारच.

पायांची घडी मात्र नीट बघा. घोट्यावर घोटा ठेवून, पावलं अंगाजवळ ओढून घेतली की गुडघे वर उचलले जातात. नडग्या एकमेकींना मध्यावर छेदतील आणि प्रत्येक पाऊल समोरच्या गुडघ्याखाली येईल असं बसा. गुडघ्याला खालून पावलाचा आधार मिळतो, तो लोंबकळत नाही. आणि दर वेळी एकच पाय पुढे घेऊ नका. आपल्याला एका बाजूची सवय असते, दुसरी बाजू परक्या माणसाची वाटते.

तपासणी ३: ताणताय ते बरोबर ठिकाणी आहे का?

इथे सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. लोक महिनोन् महिने पश्चिमोत्तानासन करतात, पायाची बोटं धरतात, आणि विचारतात मांडी का नाही होत. मांडीच्या मागचे स्नायू बसण्याच्या हाडापासून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली जातात. गुडघा सरळ असेल तेव्हाच ते ताणले जातात. मांडी घालताना गुडघा वाकलेला असतो, म्हणजे ते मुळात सैल असतात. जो स्नायू आड येतच नाही तो सैल करून काय मिळणार? मांडीला लागतात त्या हालचाली खुब्याच्या: वाकणं, बाजूला फाकणं आणि बाहेर वळणं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची तीच कधी होत नाही.

आता गुडघ्याचं. शाळेत शिकलेलं आठवा: खुबा म्हणजे उखळीचा सांधा, सगळीकडे फिरतो. गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा, मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो, पीळ अगदी थोडा सोसतो. खुबा वळला नाही आणि तुम्ही गुडघा खाली दाबला, तर उरलेला पीळ गुडघ्याला घ्यावा लागतो. दाराचा कडी-कोयंडा अडला म्हणून बिजागरी पिळण्यातला प्रकार. गुडघ्यातली गादी अशाने दुखावते. पद्मासनाच्या हट्टापायी गुडघा धरून आलेले मी पुष्कळ पाहिलेत. त्यामुळे माझ्या वर्गात नियम एकच: ताण कुल्ल्यात किंवा मांडीच्या आत जाणवला तर चालू ठेवायचं, गुडघ्यात जाणवला की सोडायचं.

तपासणी ४: नक्की कुठे अडतं (घरचं एक माणूस लागेल)

गादीवर नको, जमिनीवर सतरंजी टाकून उताणे झोपा. एक पाय उचला, खुबा काटकोनात, गुडघा काटकोनात, जणू हवेत खुर्चीवर ठेवलाय. गुडघा तिथेच स्थिर धरून पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे न्या. पाऊल आत गेलं की मांडीचं हाड खुब्यात बाहेर वळतं. घरच्या माणसाने घोटा धरून हळूच न्यायचं, जोर लावायचा नाही. साधारण ४० ते ४५ अंश जायला हवं. मग दुसरी बाजू. मोजमापापेक्षा दोन बाजूंतला फरक महत्त्वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटी काय जाणवतं.

कुल्ल्यात खोलवर ओढ लागली तर स्नायूंचं काम आहे. ताणाने फरक पडेल, पुढे जा.

मांडीच्या आत, जांघेजवळ लांबलचक ओढ लागली तर तेही स्नायूच आहेत. पुढे जा.

कुठेच ओढ नाही, दुखत नाही, पण दगडाला दगड लागावा तसं एकदम थांबलं, आणि दोन्हीकडे सारखंच, लहानपणापासून असंच, तर बहुधा तुमच्या हाडांची घडणच तशी आहे. मांडीच्या हाडाचा पीळ आणि उखळीची दिशा प्रत्येकात वेगळी असते. हाड ताणून बदलत नाही. अशांना मी सरळ सांगते: उंच बैठक घ्या किंवा खुर्चीवर बसा. शाळेच्या कवायतीतही यांची मांडी कधी झाली नव्हती, विचारलं की आठवतं त्यांना.

जांघेत पुढच्या बाजूला चिमटा बसला, तोही एकाच बाजूला, तर इथेच थांबा. या जागी मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाच-सहा वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ आले. उजवी मांडी घालता येत नव्हती, जांघेत दुखत होतं, जिना चढताना किंचित लंगडत होते. मी म्हटलं बैठं काम आहे, आखडलाय. तीन आठवडे ताण करून घेतले. डावा पाय छान सैल झाला, उजवा तिळमात्र हलला नाही, उलट दुखणं रात्री जागं करायला लागलं. तेव्हा कुठे मी त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. एक्स-रेमध्ये फारसं दिसलं नाही, एमआरआयमध्ये दिसलं: मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडत चालला होता. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. मागे कधीतरी एका आजारात बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं होतं, ते मी विचारलंच नव्हतं. आता पहिल्या दिवशी विचारते: स्टेरॉइड, दारू, सिकलसेल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच घरांत आहे, आणि त्यातही खुब्याचं हे दुखणं होतं. "मांडी घालता येईना" हीच आपल्याकडे अनेकदा पहिली तक्रार असते. विलायतेत ती लक्षातसुद्धा येणार नाही, कारण तिथे जमिनीवर बसतं कोण?

तपासणी ५: ताण, पण मोजून

वरच्या चाचणीत स्नायूंचंच काम निघालं असेल तर हे तीन. सकाळी उठल्या उठल्या नकोत. दहा मिनिटं चाला किंवा अंघोळीनंतर करा. गार स्नायू लवकर सोडत नाही.

पहिला, कुल्ल्यासाठी. उताणे झोपा, दोन्ही गुडघे वाकवा. उजवा घोटा डाव्या गुडघ्याच्या जरा वर मांडीवर ठेवा, इंग्रजी चारच्या आकड्यासारखं दिसतं. दोन्ही हातांनी डावी मांडी मागून धरून छातीकडे आणा. उजवं पाऊल ताठ ठेवा, लोंबू देऊ नका, ते लोंबलं की गुडघ्यावर येतं. ओढ उजव्या कुल्ल्यात लागेल. ३० सेकंद. उतावळेपणाने हिसके देऊ नका.

३० सेकंदच का? बँडी आणि आयरियन या दोघा संशोधकांनी १९९४ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूंवर १५, ३० आणि ६० सेकंदांचे ताण तपासले, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. १५ पेक्षा ३० सरस ठरले, पण ३० आणि ६० मध्ये फरक निघाला नाही. तेव्हा दोन-दोन मिनिटं दात-ओठ खात धरून ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक बाजूला दोन ते चार वेळा पुरे. साठी ओलांडलेल्यांनी मात्र मिनिटापर्यंत धरायला हरकत नाही.

दुसरा, मांडीच्या आतल्या बाजूसाठी. भिंतीला पाठ लावून, चादरीच्या घडीवर बसून तळवे जोडा, आमच्या वर्गातली मुलं याला फुलपाखरू म्हणतात. पंख फडफडवायचे नाहीत, नावावर जाऊ नका. गुडघ्यांवर हात नुसते ठेवा. आता गुडघे वर उचलायचा प्रयत्न करा आणि हातांनी ते तिथेच अडवा, पाच-सहा सेकंद. हात दाबत नाहीत, फक्त वर येऊ देत नाहीत. मग सगळं सोडून लांब श्वास बाहेर. गुडघे आपणहून बोटभर खाली जातात. तीन-चार वेळा. आधी स्नायू आवळून मग सोडण्याची ही रीत १९४० च्या दशकात हर्मन कॅबट यांनी अमेरिकेत लुळ्या पडलेल्या रुग्णांसाठी बसवलेल्या उपचारांतून आली. माझ्या अनुभवात नुसत्या ताणापेक्षा हिने लवकर फरक दिसतो.

तिसरा लोक टाळतात, कारण तो ताण वाटतच नाही. उंच बैठकीवर मांडी घाला आणि हात न लावता, कुल्ल्याच्या जोराने गुडघे खाली ओढून धरा. दहा मोजा. पाच वेळा. कुल्ल्यात गोळा येईल की काय असं वाटलं तर बरोबर चाललंय. नवी जागा मिळाली आणि तिथे ताकद नसेल तर शरीर ती जागा वापरत नाही.

तपासणी ६: सैल होतं आणि पुन्हा आखडतं

सुरुवातीच्या आठवड्यांत जे सैल होतं ते बहुतेक स्नायू लांब झाल्यामुळे नसतं. ताण सोसायची सवय होते, मेंदू थोडं पुढे जायची परवानगी देतो. म्हणून चार दिवस सोडलं की परवानगी रद्द. हा तुमचा आळस नाही, असंच होतं. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस टिकवा, मग बोला.

आणि दिवसाचा हिशेब मांडा. दहा तास खुर्ची, दोन तास सोफा, मग दहा मिनिटं ताण. रात्रीचं जेवण जमिनीवर घ्या, तेवढं एक करा. भाजी निवडायला, मुलांचा अभ्यास घ्यायला खाली बसा. वीस मिनिटं एकाच मांडीत नको. पाय बदला, एक गुडघा उभा करा, पाय पसरा. आमची आजी दिवसातून किती वेळा खाली बसायची आणि उठायची, तिने आयुष्यात एकही ताण केला नाही.

प्रगती मोजायची असेल तर आरशात बघू नका. गुडघ्याखाली मूठ घाला. आज दोन मुठी, पंधरा दिवसांनी दीड. वहीत लिहा.

मुंग्यांबद्दल वेगळं

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाडाचा टेंगूळ लागतो. त्याला वळसा घालून पावलाकडे जाणारी नस अगदी कातडीखाली असते. मांडीत ती दाबली जाते. पाय बदलला आणि दोन-चार मिनिटांत मुंग्या गेल्या तर काळजी नको. पण मुंग्या आल्यावरही "पूजा होईपर्यंत सोसतो" म्हणू नका. जास्त वेळ दाबली गेली तर पाऊल वर उचलता येईनासं होतं. तसं झालं तर डॉक्टर, ताण नाही.

कुठे थांबायचं

खालचं काहीही असेल तर माझ्याकडे, यूट्यूबकडे किंवा मालिशवाल्याकडे जाऊ नका.

त्याच दिवशी इस्पितळ: लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधली, खोगिराला टेकते ती जागा बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तीही चोळू नका, ताणू नका, आधी दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते. वयस्कर माणूस पडल्यानंतर पायावर उभं राहता येत नसेल तर तेही.

याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ: जांघेत दुखून लंगडणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, गुडघा मध्येच अडकणं किंवा सुजणं, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणं.

संधिवाततज्ज्ञ: वय पंचेचाळिशीच्या आत, कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ ताठ राहते, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने बरी होते, असं तीन महिन्यांहून अधिक चाललंय. हे आखडणं ताणाचं नाही, सांध्यांच्या दाहाचं असू शकतं. तरुण मुलं यात वर्षंच्या वर्षं "बसून बसून झालंय" म्हणत काढतात.

खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर मांडी घालायची की नाही हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. शेजारच्या काकूंना चालतं म्हणून तुम्हाला चालेल असं नाही.

आणि यातलं काही नसेल, सहा आठवडे नीट केलं, तरी मूठभरही फरक नाही, तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दोन-तीन भेटींत काय अडतंय ते कळतं.

पूजा आठ दिवसांवर आली असेल तर

आठ दिवसांत खुबा सैल होणार नाही, त्याच्या मागे लागू नका. तपासणी १ आणि २ पक्क्या करा आणि रोज पंधरा मिनिटं त्याच बैठकीवर, त्याच सोवळ्यात किंवा पितांबरात बसून बघा. रेशमी कद घसरतो, हे ऐन वेळी कळायला नको. पाटावर घडी किती जाड लागते ते ठरवून ठेवा. गुरुजींना आधीच सांगा की मध्ये पाय बदलीन. ते रोज तेच करतात, कुणाला वावगं वाटत नाही. खुर्ची लागणार असेल तर चौरंग टेबलावर मांडायची तयारीही आदल्या दिवशीच करा. आणि आरतीला उठताना एकदम उठू नका: आधी दोन्ही पाय पुढे पसरा, घोटे दहा वेळा फिरवा, पाऊल फरशीला लागल्याचं नीट जाणवलं की मग कुणाचा तरी खांदा धरून उभे राहा. हातात पेटतं निरांजन असताना बधिर पायावर उभं राहण्याचा प्रयोग मी एकदा पाहिला आहे. सतरंजीला अजून भोक आहे.